पुसलेली गाणी

माझ्या ताईचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. पुढे काउंटर, आरसे, फ्रेमांच्या मांडण्या आणि मालकाचं गोड बोलणं; मागे पडद्याआड एक अरुंद खोली, तिथे भाऊजी. नंबराची गोल काच फिरत्या चाकाला लावायची, वरून पाण्याची बारीक धार सोडायची आणि फ्रेमच्या मापाची होईपर्यंत घासत राहायचं. चाकाचा आवाज असा की दात शिवशिवावेत. म्हणून भाऊजी कानाला हेडफोन लावायला लागले, आणि सगळं रामायण तिथून सुरू झालं, असं ताई म्हणायची. "त्या चाकानं माझा संसार घासला," हे तिचं ठरलेलं वाक्य. तेव्हा ते ती हसत म्हणायची.

भाऊजींना स्वतःला काही येत नव्हतं. गळा म्हणाल तर गंजलेल्या कडीसारखा, आणि टाळी वाजवली तरी बेताल. पण ऐकायचं वेड असं की जेवताना समोरच्या ताटात काय आहे हे त्यांना विचारलं तर सांगता यायचं नाही. रेडिओवर, दुकानादुकानात जी गाणी वाजतात त्यांत त्यांना रस नव्हता. ज्यांच्यामागे कुणी नाही अशा पोरापोरींचे बँड त्यांना हवे असायचे: गॅरेजमध्ये, शाळेच्या रिकाम्या वर्गात, कुणाच्या तरी काकांच्या गोदामात वाजवणारे, स्वतःच सीडी काढून स्वतःच दारोदार विकणारे. "सगळेच तानसेन झाले तर ऐकणार कोण?" ते म्हणायचे. "आपण कानसेन." आणि याच नावाने त्यांनी इंटरनेटवर एक पान सुरू केलं.

मी तेव्हा त्यांच्याकडेच राहत होते. माझी नोकरी त्याच शहरात लागली होती आणि ताई म्हणाली, वेगळं घर कशाला, दोघांत तिसरी. मागची बाल्कनी काचा लावून बंद केलेली होती. तिथे भाऊजींचा कॉम्प्युटर, सीड्यांचे ढीग, आणि मधोमध एक खुर्ची, जिच्यावर बसलं की गुडघे भिंतीला लागत. दर रविवारी सकाळी ते तिथे बसून पानाचा मजकूर लिहायचे. कुठला बँड फुटला, कुणी नवा ढोलकवाला घेतला, कुणाच्या गाडीतून वाद्यं चोरीला गेली. महोत्सवांचा मोसम आला की कुणाला ऐकायला जावं आणि कुणाच्या वेळी खुशाल रांगेत उभं राहून पाणी प्यावं, हेही. लिहिताना त्यांना हसू फुटायचं आणि ताई आतून ओरडायची, "एकटेच काय हसताय? आम्हालाही सांगा!"

पण लोक त्या पानावर यायचे ते बातम्यांसाठी नाही. गाणी फुकट मिळायची म्हणून यायचे. बाजारात न मिळणारी, मिळाली तरी कुणी विकत न घेतलेली गाणी भाऊजी तिथे ठेवायचे आणि ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावीत. सुरुवातीला बँडवालेच खूश होते. एक बँड तर आमच्या घरी येऊन पेढ्यांऐवजी बिस्किटांचा पुडा देऊन गेला. म्हणाले, आजवर रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवत होतो, परवा पहिल्यांदा लोक उभे राहिले. भाऊजींनी तो पुडा दोन महिने फोडू दिला नाही. मग मुंग्यांनी फोडला.

अशात एक दिवस पोस्टाने एक सीडी आली. वर नाव नाही, गाव नाही. भाऊजींनी ती लावली आणि ते उठलेच नाहीत. दुकानात जायची वेळ टळली. ताईने चहा नेऊन ठेवला, त्याच्यावर साय धरली.

बहीण-भावाच्या बँडची ती सीडी होती. बहीण गायची, धाकटा भाऊ गिटार वाजवायचा. त्यांची दोन-तीन गाणी भाऊजींनी पूर्वी एका छोट्या कार्यक्रमात ऐकली होती आणि पानावर त्यांचं कौतुकही लिहिलं होतं. आता एका लहानशा कंपनीने त्यांचा पहिला अल्बम करायला घेतला होता; तो पुढच्या मोसमात यायचा होता. कंपनीने ऐकून दुरुस्त्या सांगण्यासाठी दोघांना एकेक सीडी दिली होती. धाकट्याने आपली एका मित्राला ऐकायला दिली, मित्राने तिची नक्कल केली, आणि नकलेची नक्कल फिरत फिरत कानसेनाकडे आली होती. हे सगळं मागाहून कळलं. पण अल्बम अजून बाजारात यायचाय, एवढं भाऊजींना त्या क्षणीही ठाऊक होतं.

"ज्यांचं आहे त्यांना विचारलंत का?" ताईने विचारलं.

"विचारलं तर नाही म्हणतील."

"मग झालं तर."

"अगं, तू ऐक तरी. तिसरं गाणं ऐक. ती गाऊन थांबते आणि मग तो एकटा वाजवतो. असं वाटतं, कुणीतरी अंधारात पायऱ्या उतरतंय आणि एक पायरी जास्तच आहे. हे लोकांनी ऐकायला नको?"

ताईने ऐकलं. चांगलं आहे म्हणाली. "पण लेकरू दुसऱ्याचं आहे," असंही म्हणाली. भाऊजींनी त्याच संध्याकाळी सगळी गाणी पानावर ठेवली, वर भरभरून लिहिलं, आणि रात्री गाढ झोपले.

आठवडाभरात ती गाणी वणव्यासारखी पसरली. माझ्या ऑफिसातली टायपिस्ट मुलगी तिसरं गाणं गुणगुणताना मी ऐकलं, तेव्हा माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं. आमच्या बाल्कनीतून गेलेलं ते! भाऊजी तर जमिनीवर नव्हतेच. मग कंपनीने अल्बम रद्द केला. मालकाचं म्हणणं सरळ होतं: सगळ्यांनी ऐकून झालेलं विकत कोण घेणार? बँडशी त्याचा करार होता, रेकॉर्डिंग त्याच्या मालकीचं. त्याने दोघांकडच्या सीड्या परत मागून घेतल्या आणि सगळं तळघरातल्या कपाटात टाकून दिलं.

मग गदारोळ उठला. भाऊजींच्या पानावर लोक एकमेकांच्या उरावर बसले. कुणी म्हणे गाणं हवेसारखं, त्याला कुंपण कसलं. कुणी म्हणे तुमच्या घरातलं सामान हवेसारखं उचलून नेलं तर चालेल का. एका लहान रेडिओ केंद्राने ठरवलं, हा वाद समोरासमोर घडवायचा. त्यांनी गायिकेला बोलावलं आणि भाऊजींनाही. भाऊजींनी लग्नातला कोट घातला. रेडिओवर कोट कोण बघणार, असं मी म्हटलं, तर ताईने मला डोळ्यांनी दटावलं.

आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात बसून ऐकलं. पहिल्यांदा भाऊजी बोलले. बरं बोलले. "मी माझी छत्री तुम्हाला दिली तर मी भिजतो," ते म्हणाले. "गाणं दिलं तर कुणीच भिजत नाही. माझ्याकडे आहे तेवढं राहतं, तुमच्याकडेही येतं."

"आणि छत्री बनवणारा?" गायिका म्हणाली. तिचा बोलण्याचा आवाज गाण्यापेक्षा जाड होता, दमलेला.

"त्याचं नाव होतं ना! आज तुमचं गाणं किती जणांना माहीत आहे बघा."

"मला एक सांगा. तुम्ही आंघोळीला गेला आहात आणि कुणी दार उघडून पाहुण्यांना आत घेतलं. वर तुम्हालाच सांगितलं, बघा, किती लोक भेटायला आलेत. चालेल तुम्हाला?"

सूत्रसंचालक हसला. भाऊजी हसले नाहीत.

"दुसऱ्या गाण्यात माझा श्वास चुकलाय," ती पुढे म्हणाली. "तो आम्ही दुरुस्त करणार होतो. पाचव्यात त्याने एक तार चुकीची छेडलीय, त्यावरून आम्ही दोघं भांडलो होतो, ठेवायची की काढायची. ते आमचं भांडण होतं हो. संपायच्या आत तुम्ही ते वाटून टाकलंत. मला पैशाचं सांगू नका. आम्हाला तसेही कुणी देत नव्हतं. आम्ही एका दिवसाची वाट बघत होतो. आमच्या हाताने दार उघडायच्या दिवसाची. तो तुम्ही घेतलात."

मग जाहिरात लागली.

भाऊजी घरी आले ते कोट न काढताच बाल्कनीत गेले. थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली. "इकडे ये. बघ. उद्या कुणी विचारलं तर सांगायला कुणीतरी हवं." माझ्यादेखत त्यांनी पानावरून ती गाणी काढली, कॉम्प्युटरमधून पुसली, मग कपाटातली जादा हार्ड डिस्क काढून तिच्यातूनही पुसली. पोस्टाने आलेली सीडी खिशात घातली. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मागच्या खोलीत ती चाकाला लावून त्यांनी घासून टाकली. दुकानाचा मालक पुढे कित्येक दिवस हे हसून सांगायचा: "लोक चष्मे करायला येतात, आमचा कारागीर गाणी घासतो! सगळ्या खोलीत चंदेरी भुसा!"

त्याच दुपारी भाऊजींनी गायिकेला फोन केला. "माझ्याकडे आता एकही प्रत नाही. शब्द देतो," ते म्हणाले. ती "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

कंपनीने मात्र वकील लावला. भाऊजींना नोटीस आली, पण पुसल्याचं कळल्यावर त्यांना समज देऊन सोडलं. ज्यांनी गाणी उतरवून घेऊन पुढे वाटली होती त्यांतल्या दोघांना कोर्टात ओढलं; त्यात एक कॉलेजची मुलगी होती, तिचा फोटो वर्तमानपत्रात आला. त्यानंतर जो तो आपापला कॉम्प्युटर पुसायला लागला. माझ्या ऑफिसातली टायपिस्ट मला पायऱ्यांवर गाठून म्हणाली, "माझं नाव कुठे सांगू नकोस हं."

बहीण-भावात फाटलं. सीडी मित्राला दिली ती धाकट्याने, हे तिला पचेना. आणि ती ते रोज बोलून दाखवते, हे त्याला. ती एका बालवाडीत मुलांना सांभाळायला जाऊ लागली. तो इमारतींना रंग द्यायच्या कामावर लागला. भाऊजींना हे कुणाकुणाकडून कळायचं आणि ते ताईला सांगायचे. त्यांच्या ताटात वाढताना तिचा हात जरा जड पडायचा, एवढंच.

वर्ष उलटलं. बहीण-भावाच्या आईने मध्ये पडून दोघांना पुन्हा एकत्र बसवलं म्हणे. एका मोठ्या महोत्सवाने त्यांना बोलावलं आणि भाऊजींच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी रंग आला. येत्या महोत्सवात कुणाला ऐकावं हे लिहिताना त्यांनी त्या दोघांना अगदी वर घेतलं, पण फक्त एक ओळ लिहिली: 'हे जे गातील ते पहिल्यांदाच ऐका.'

महोत्सवाला महिना उरला असताना धाकटा परांचीवरून पडला. चौथ्या मजल्याच्या खिडकीची कड रंगवत होता. दोरी सुटली, आणि तो जागीच गेला. भाऊजींना दुकानात कुणीतरी सांगितलं. ते घरी आले, ताईसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तो अल्बम निघाला असता तर तो तिथे चढला नसता."

ताईने तोंडात येईल ते म्हणावं अशी मीच मनातून वाट बघत होते. ती म्हणाली, "हातपाय धुऊन घ्या." एवढंच.

आणि मग एका दुपारी गायिका आमच्या दारात आली. मी सुट्टीवर होते, दार मीच उघडलं. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, पण "कानसेन आहेत का?" असं तिने विचारलं आणि आवाजावरून ओळखलं. उंच, हडकुळी, बालवाडीतल्या रंगांचे डाग बाहीवर. भाऊजी बाल्कनीतून बाहेर आले आणि तिला पाहून जागीच थबकले. ताईने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"महोत्सववाले म्हणतात, एकटी ये," ती म्हणाली. "त्याची गिटार रेकॉर्डिंगवरून लावू, तू सोबत गा. मी कंपनीकडे गेले होते. मागच्या थंडीत त्यांच्या तळघरात नळ फुटला. कपाटं पाण्यात. कुणी उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं. मी मागायला गेले तेव्हा त्यांना कळलं." ती भाऊजींकडे वळली. "तुम्ही द्या."

"काय?"

"गाणी. तुमच्याकडची."

"माझ्याकडे नाहीत. मी तुम्हाला शब्द दिला होता."

ती हसली. "ते ठीक आहे हो. मी कुणाला सांगणार नाही. तुमच्यासारखी माणसं एक तरी प्रत ठेवतातच. कुठेतरी. फळीवर, जुन्या डब्यात. मी रागावणार नाही. मीच मागतेय."

"नाही ठेवली."

"आठवून बघा."

"बाई, नाही ठेवली. हिच्यासमोर पुसली." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी मान हलवली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि तिला खरं वाटायला लागलं. चेहऱ्यावरचं ते हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला.

"आयुष्यात एक शब्द पाळायचा होता," ती म्हणाली, "तो नेमका माझाच सापडला तुम्हाला?"

ताईने तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा ती मटकन खाली बसली, खुर्चीत नाही, फरशीवर. रडली नाही. आईला पोराचं वाजवणं ऐकायचंय, असं सांगत राहिली. रोज विचारते, आणलंस का, आणलंस का.

भाऊजींनी त्याच दिवशी पानावर लिहिलं: ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून ही गाणी घेतली, त्यांनी कृपा करून परत द्या, नाव विचारणार नाही. पण दुधाने पोळलेले लोक ताकही फुंकून पितात. सगळ्यांना वाटलं, कंपनीने लावलेला सापळा आहे. कानसेन फितूर झाला, वकिलाच्या खिशात बसला, अशी उत्तरं आली. एकाने तर लिहिलं, 'आधी वाटायचं, मग पुसायचं, आता भीक मागायची.' भाऊजी दुकानातून आले की जेवायच्या आधी ते वाचायचे आणि मग जेवायचे नाहीत. मी टायपिस्टला विचारलं. तिने शपथेवर सांगितलं, तिने सगळं पुसलं होतं, भीतीपोटी दोनदा. जी गाणी अख्खं शहर गुणगुणत होतं ती वर्षभरात अशी नाहीशी झाली की जणू कुणी गायलीच नव्हती.

शेवटी एका अनोळखी माणसाने एक फाइल पाठवली. नाव नाही, शब्द नाही. तिसरं गाणं होतं. भाऊजींनी स्वतः आधी ऐकलं नाही. त्यांनी तिला फोन केला. ती बालवाडीतून तशीच आली. बाल्कनीतल्या त्या एकुलत्या खुर्चीवर तिला बसवून आम्ही तिघं दारात उभे राहिलो. गाणं सुरू झालं. तिचाच आवाज, स्वच्छ, मागे कुठेतरी गिटारचा हलका ठेका, नखाने लाकडावर टिचक्या माराव्यात इतकाच. तिने डोळे मिटले. कडवं संपत आलं तसा तिने एक हात वर केला.

"आता," ती म्हणाली. "आता तो येतो."

आणि गाणं तुटलं. उतरवून घेताना कुणाचं तरी इंटरनेट मध्येच बंद पडलं होतं. फाइल तेवढीच होती.

भाऊजींनी पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच तुटलं. तिसऱ्यांदा तिने त्यांचा हात धरला. "पुरे."

महोत्सवाला तिने येत नाही असं कळवलं. तिच्या जागी दुसरं कुणी गायलं, चांगलं गायलं म्हणे. भाऊजी त्या वर्षी कुठेच गेले नाहीत.

मग एक दिवस तिचा फोन आला. आईला ती अर्धी फाइल ऐकवली होती. आई म्हणाली, ज्याने हे सगळं सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय त्या माणसाला माझ्यापुढे आण. भाऊजींचा धीर होईना. "शिव्या घालेल, घालू दे," ताई म्हणाली. "जा तुम्ही." आणि मला म्हणाली, "तू जा बरोबर. वाटेतून परत फिरतील."

त्यांचं घर एका लॉन्ड्रीच्या वर होतं. जिन्यात वाफेचा आणि साबणाचा वास, भिंती दमट. आई खिडकीशी पलंगावर बसलेली, गुडघ्यांवर शाल, बोटं सुजलेली. भिंतीवर गिटार टांगलेली होती, तिच्या दोन तारा नव्हत्या. भाऊजी पाया पडायला वाकले तशी ती म्हणाली, "ते राहू द्या. बसा. किती वेळा ऐकलंत तुम्ही?"

"मोजलं नाही, आई. रोज. काम करताना."

"मग तो वाजवायचा ते म्हणून दाखवा. तिच्या गाण्याच्या पुढचं."

"मला गाता येत नाही."

"मला कुठे गाणं ऐकायचंय? तो काय वाजवायचा ते ऐकायचंय."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांनी घसा खाकरला आणि त्या गंजलेल्या आवाजात हळूहळू गुणगुणायला लागले. एरवी मला हसू आलं असतं. बेसूर होतं, पण चाल होती; खाली खाली येणारी, थांबणारी, पुन्हा एक पायरी उतरणारी. म्हातारी ओठ हलवत ऐकत होती.

"शेवटी असं नाही," गायिका मध्येच म्हणाली. "शेवटी तो वर जायचा."

"नाही हो, खाली. मला पक्कं आठवतंय."

"मी त्याच्या शेजारी उभी होते! वर जायचा." तिने म्हणून दाखवलं. तिच्या गळ्यात ते इतकं सुंदर वाटलं की मला तेच खरं वाटायला लागलं.

"दोन्ही नाही," आई म्हणाली. "तो इथे या पलंगावर बसून रात्रंदिवस तेच घोटायचा. वरही नाही जायचा, खालीही नाही. त्याच सुरावर दोनदा यायचा. असा." तिने सुजलेल्या बोटाने पलंगाच्या कडेवर ठोकून दाखवलं. "तुम्हाला दोघांनाही नाही येत."

खालून लॉन्ड्रीच्या यंत्राचा घरघराट येत होता. मग आई भाऊजींना म्हणाली, "परत म्हणा बरं तुमचं. मला नीट ऐकू दे."

भाऊजींनी पुन्हा गुणगुणलं. संपल्यावर म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं.

"आत्ता वेगळं म्हणालात," ती म्हणाली.

"नाही, तेच..."

"आधी तिथे थांबला होतात. आत्ता थांबला नाहीत."

भाऊजींनी माझ्याकडे वळून पाहिलं, मी साक्षीदार असल्यासारखं. आणि खरंच, ते वेगळंच होतं. त्यांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली, दोन-चार सुरांनंतर अडखळले, पुन्हा मागे गेले, पुन्हा अडखळले. तोंडावर हात घेतला. माझ्या भाऊजींना मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. गायिका उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. आईने त्यांना उगी वगैरे म्हटलं नाही. हात लांब करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला, आणि तसाच ठेवून बसली.

निघताना जिन्यात गायिका आमच्यामागून खाली आली. "ती अर्धी फाइल तुमच्या पानावर ठेवा," ती म्हणाली. "कुणीही घेऊ दे. फुकट."

"नक्की?"

"आमच्याकडे एक कॉम्प्युटर आहे, तोही जुना. तो बंद पडला तर? लोकांकडे असलेली बरी." मग ती जराशी हसली, कडवट. "बघा, बोलायला लागले ना तुमच्यासारखी."

भाऊजींनी ठेवली. वर तिचं आणि भावाचं नाव, बाकी एक अक्षर नाही. त्यानंतर त्यांनी पानावर बातम्या लिहिल्या नाहीत, महोत्सवांबद्दल लिहिलं नाही. हळूहळू जुनी गाणीही काढून टाकली. ज्या त्या बँडला विचारून, हो म्हणाले ती त्यांच्या ताब्यात देऊन. आता तिथे एवढीच एक फाइल आहे. गायिका बालवाडीत मुलांना गाणी शिकवते असं ऐकते, मंचावर पुन्हा गेली नाही. तिची आई पुढच्याच वर्षी गेली. भाऊजी तोवर कधीमधी रविवारी त्या आईपाशी जाऊन बसायचे. काय बोलायचे, विचारलं तर म्हणायचे, "काही नाही. बसतो."

मी ताईकडे गेले की अजून कधी कधी ते पान उघडून बघते. फाइल अजूनही लोक उतरवून घेतात. बहुतेकांना तो बँड कुठला, काय झालं, ठाऊक नाही. खाली तक्रारी येत राहतात. परवाच एकाने लिहिलं होतं: 'फाइल अर्धवट आहे. ऐन रंगात येतं आणि तुटतं. पूर्ण असेल ती टाका, कृपया.'

भाऊजी ते सगळं वाचतात. उत्तर देत नाहीत.